घरी बनवायचा टिअरड्रॉप ट्रेलर : आधी आस, मग आकार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दारात तीन दारांची थार आहे, घरात तुम्ही दोघं आणि सहा वर्षांची मुलगी. परदेशी नकाशा बघून टिअरड्रॉप ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचा थेंबाच्या आकाराचा झोपायचा डबा, घरीच बनवायचाय. दहा फूट लांब, पाच फूट रुंद, मागे स्वयंपाकाचा ओटा, ओट्याखाली पाण्याची शंभर लिटरची टाकी. चेसिस ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करणाऱ्याकडून करून घ्यायची, वरचं लाकूडकाम स्वतः करायचं, आणि नाशिक जिल्ह्यातल्या वैतरणा, हरिहर, सुरगाणा अशा बाजूंच्या कच्च्या रस्त्यांवर न्यायचा. सुरुवात कुठून करू?

वजनापासून करा. तुम्ही काढलेल्या चित्रात पाठीची कमान छान उतरलीय, दाराला गोल खिडकीसुद्धा आहे. पण चाकांचा आस (अ‍ॅक्सल) नेमका कुठे येणार, याची त्यात एक रेघही नाही. वरचा थेंबासारखा डबा म्हणजे सुतारकाम आहे, चुकलं तर पुन्हा करता येतं. आस चुकला तर ट्रेलर घाटात तुमची गाडी हलवतो.

नाशिकच्या अंबडला माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. तीस वर्षांत ट्रॉल्या, टँकर, जीपमागचे ट्रेलर पुष्कळ केले. टिअरड्रॉप मात्र दोनच. एक स्वतःचा, एक मित्राचा. पहिला चुकला, म्हणून दुसरा बरा झाला. खाली लिहितोय त्यातलं निम्मं त्या पहिल्याने शिकवलेलं आहे.

बैलगाडी भरणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नसे. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ व्हायची, जू वर उचललं जायचं आणि बैलांचा गळा आवळायचा. पुढे जास्त झाला की सगळा भार बैलांच्या मानेवर. म्हणून गाडीवान माल भरताना मधूनच दांडी हाताने उचलून बघायचा. ट्रेलरचंही तेच. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार गाडीच्या हुकावर यायला हवा. त्याहून कमी झाला की वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे झुलायला लागतो. फार जास्त झाला की थारचं मागचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग पोकळ लागतं.

आता वही घ्या. हुकाच्या मध्यापासून मागे मिलीमीटरमध्ये अंतरं मोजायची. समजा डबा आठ फुटी, म्हणजे २४४० मिलीमीटर, आणि तो हुकापासून १२०० वर सुरू होतो. चेसिस आणि दांडी (चेसिसपासून हुकापर्यंत जाणारा पाइप) मिळून १२० किलो, त्यांचा मध्य २१०० वर. डब्याचं लाकूड, पत्रा, दारं १५० किलो, मध्य २४५० वर. मागचा ओटा, भांडी, शेगडी ५० किलो, ३३०० वर. साठ लिटर पाणी म्हणजे ६० किलो, तळाखाली २२०० वर. पुढच्या पेटीत बॅटरी आणि हत्यारं ४० किलो, १०५० वर. गादी आणि बॅगा ५० किलो, २२०० वर. प्रत्येक वजनाला त्याच्या अंतराने गुणा, सगळ्याची बेरीज करा आणि एकूण वजनाने भागा. एकूण ४७० किलो, आणि गुरुत्वमध्य येतो साधारण २२७३ मिलीमीटरवर. आस, हब (चाकाचा मधला गाभा), चाकं, पाटे (लीफ स्प्रिंग) यांचे ११० किलो वेगळे. ते आसावरच बसतात, त्यामुळे हुकावर त्यांचा भार येत नाही. म्हणजे भरलेला ट्रेलर ५८० किलोचा.

हुकावर ७० किलो हवेत असं धरलं, म्हणजे बारा टक्के, तर आस हुकापासून २६७० मिलीमीटरवर येतो. डब्याच्या पुढच्या टोकापासून बघितलं तर १४७०. म्हणजे डब्याच्या साठ टक्के पुढे आणि चाळीस टक्के मागे. ट्रॉलीवाले अंदाजाने साठ-चाळीस म्हणतात ते उगाच नाही.

याच वहीत तुमची टाकी ओट्याखाली नेऊन बघा. तेच साठ लिटर २२०० वरून ३३०० वर गेले की हुकावरचा भार ७० वरून ४५ किलोवर येतो. आठ टक्क्यांच्याही खाली. गाडी उलाळ. एका टाकीची जागा बदलली, बाकी काहीही नाही. आणि तुम्ही तर शंभर लिटर म्हणताय. टाकी आसाच्या थोडी पुढे ठेवली की भरलेली असो वा रिकामी, फार फरक पडत नाही. वरच्या हिशेबात टाकी पूर्ण रिकामी धरली तरी हुकावर ५९ किलो राहतात, साडेअकरा टक्क्यांच्या आसपास. म्हणून पाणी मध्ये ठेवा आणि नळ हवा तर मागे घ्या. पाइप दोन मीटर लांबला म्हणून काही बिघडत नाही, एक छोटा पंप लागेल इतकंच.

ट्रेलर तयार झाल्यावर हे प्रत्यक्ष तोला. ट्रकच्या वजनकाट्यावर एकूण वजन कळेल, पण तो पाच-दहा किलोच्या टप्प्याने दाखवतो, हुकाच्या भारासाठी उपयोगाचा नाही. त्यासाठी ओळखीच्या कांदा व्यापाऱ्याकडचा सपाट काटा चांगला. ट्रेलर सपाट जमिनीवर, दांडी गाडीला जोडल्यावर जितकी उंच असेल तितक्याच उंचीवर लाकडाच्या ठोकळ्याने टेकवायची आणि ठोकळा काट्यावर. दांडी चार बोटं वर-खाली झाली तरी आकडा बदलतो, म्हणून उंचीत आळस नको.

दहा बाय पाचाचा हट्ट आता सोडा. आठ बाय चार म्हणजे बत्तीस चौरस फूट, दहा बाय पाच म्हणजे पन्नास. तळच दीडपटीच्या वर गेला, मग भिंती, छत, चेसिस सगळंच वाढतं. १९३० च्या दशकात अमेरिकेत हे ट्रेलर लोकांनी घरोघरी बनवायला घेतले. पुढे आठ बाय चारचं माप त्यांना चिकटून राहिलं, कारण बाजारात प्लायची शीटच आठ बाय चार मिळते. एका शीटमधून एक बाजू निघते. सोय होती ती, सौंदर्यशास्त्र नव्हतं.

रुंदीचं कारण आणखी सरळ आहे. ट्रेलरची चाकं थारच्याच चाकोरीतून गेली पाहिजेत. नाहीतर गाडी दगड चुकवते आणि ट्रेलर त्याच दगडावर चढतो. चिखलात तर ट्रेलरला स्वतःची नवी चाकोरी पाडावी लागते, आणि निफाडच्या काळीत किंवा हर्सूलच्या लाल चिखलात ती पाडायची ताकद तुमच्याच इंजिनातून जाते. थारच्या दोन चाकांच्या मध्यातलं अंतर १५२० मिलीमीटर, टायर २५५ रुंद. म्हणजे दोन टायरांच्या आतल्या अंगांमध्ये राहतात १२६५. चार फुटी डबा १२२० चा. दोन्ही बाजूंना जेमतेम बावीस मिलीमीटर. चिखल अडकायला तेवढं पुरतं. म्हणून डबा चाळीस-पन्नास मिलीमीटर अरुंद करा, किंवा चाकांच्या जागी बाजू थोडी आत घ्या. पण हे आकडे माझ्याकडून घेऊ नका. तुमच्या गाडीवर टायर बदललेले असतील तर सगळं बदलतं. टेप लावून मोजा.

पाच फुटी डबा याच चाकोरीत बसवायचा तर तो टायरांच्या वर उचलावा लागतो. मग झोपायची पातळी कमरेएवढी होते आणि आडव्या उतारावर ट्रेलर कलंडायला बघतो. ते नकोच.

मुलगी कुठे झोपणार, हा प्रश्न मग येतोच. गच्चीवर खडूने आठ बाय पावणेचारचा चौकोन काढा. त्यातले मागचे दोन फूट ओट्याला द्या आणि उरलेल्यात तिघंही आडवे व्हा. पाय ओट्याच्या रेषेत जातील, म्हणून पाय ओट्याखाली जातील असा पोकळ ओटा करायचा. त्या पायांच्या वर, आडवी, कॅनव्हासची झोळीवजा फळी बसवता येते. सहा वर्षांचं मूल एकशे पंधरा सेंटीमीटरच्या आसपास असतं, रुंदीत पाय थोडे दुमडून मावेल. वर्ष-दीड वर्ष. त्यानंतर तिला शेजारी छोटा तंबू द्या, तिलाही तेच आवडेल. छतावरचा तंबू मात्र काढून टाका. सत्तर-ऐंशी किलो ट्रेलरच्या सगळ्यात उंच जागी चढवायचे आणि मग उतारावर कलंडायची भीती बाळगायची, असा व्यवहार मी करणार नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात, पण वेल्डिंगच्या आधी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे. त्याला इंजिन नाही म्हणून नोंदणी लागत नाही, हा गैरसमज आहे. नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, आणि नोंदणीसाठी बनावटीला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता लागते. घरच्या घरी एकच नग बनवणाऱ्याला ते परवडत नाही. म्हणून मान्यता असलेल्या उत्पादकाकडून कागदांसकट छोटा ट्रेलर घ्या, त्याच्या नोंदलेल्या वजनाच्या आत आपला डबा बसवा, आणि त्या फेरफाराचं काय करायचं ते पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात आधी लेखी विचारा. लष्कराच्या लिलावातले जुने जीपचे ट्रेलर दणकट असतात, मला फार आवडतात, पण कागद हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. थारच्या मॅन्युअलमध्ये ओढायच्या वजनाचं काय लिहिलंय तेही वाचा. माझा स्वतःचा दंडक असा, की भरलेला ट्रेलर ७५० किलोच्या पुढे जाता कामा नये.

आता चेसिस. ट्रॉलीवाल्याकडे गेलात तर तो तुम्हाला ट्रॉलीच बनवून देईल. द्राक्षाच्या क्रेट नाहीतर तीन टन कांदा नेणारी, जाड चॅनेलची, शॉक-अब्सॉर्बरशिवायची. त्याचा दोष नाही, तो तेच करतो. तुम्ही त्याला कागद द्यायचा. ५० बाय ५० बाय ३ मिलीमीटरचा चौकोनी पाइप मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास भरतो. आठ बाय चारच्या सांगाड्याला आणि तीन आडव्या पट्ट्यांना तो पुरतो. दांडीला मात्र कंजूषी नको, आणि हे मी अनुभवाने सांगतोय.

माझा पहिला ट्रेलर. एकच मधली दांडी, पुढच्या आडव्या पट्टीला खाली-वर भरगच्च वेल्ड केलेली. वेल्ड दिसायला इतका देखणा, की शेडमध्ये येणाऱ्याला मी कौतुकाने दाखवायचो. श्रावणात निरगुडपाड्याकडे जाताना एका चरीत मागून ‘टक्’ असा आवाज आला. दगड उडाला असेल समजून मी तसाच पुढे गेलो. शंभर-दीडशे मीटरवर ट्रेलर आरशात तिरका दिसायला लागला. उतरून बघतो तर दांडी वेल्डच्या कडेने, सुरीने कापावी तशी, तीन बाजूंनी फाटलेली. चौथ्या बाजूवर आणि साखळ्यांवर ट्रेलर लटकतोय. वेल्ड तुटला नव्हता. वेल्डशेजारचा पाइप तुटला होता.

कारण साधं आहे. दांडी प्रत्येक खड्ड्यात वर-खाली वाकते. सगळ्यात जास्त ताण तिच्या वरच्या आणि खालच्या अंगावर, नेमका त्या पहिल्या आडव्या पट्टीपाशी येतो. तिथेच तुम्ही पाइपला आडवा वेल्ड मारला की उष्णतेने ती रेघ कमकुवत होते आणि तडा तिथूनच निघतो. उपाय असे. एक दांडी नको, इंग्रजी ए अक्षरासारख्या दोन तिरक्या दांड्या करा. त्या पहिल्या पट्टीपाशी संपवू नका, सांगाड्याखालून मागे पाट्यांच्या पुढच्या ब्रॅकेटपर्यंत न्या. पट्टीपाशी दांडीच्या वर-खाली आडवा वेल्ड मारू नका. बाजूला त्रिकोणी पत्रे लावा आणि दांडीच्या लांबीच्या दिशेने वेल्ड करा. वेल्डरला हे सांगितलंत तर तो म्हणेल, ‘साहेब, चारी बाजूंनी मारतो, पक्कं होईल.’ त्याला चहा पाजा, पण मारू देऊ नका.

पाट्यांकडे वळू. भंगारात बोलेरोचे मागचे पाटे स्वस्तात मिळतात म्हणून लोक तेच लावतात. आपल्या हिशेबात हुकाचे ७० आणि आसाचे ११० वजा जाता पाट्यांवर येतात ४०० किलो, एका बाजूला फक्त दोनशे. बोलेरोचा पाटा दोनशे किलोला ढिम्म हलत नाही. मग ट्रेलर प्रत्येक दगडावर उडतो, आतले डबे फुटतात, बिजागऱ्या ढिल्या होतात आणि दोष सुतारकामाला लागतो. जिप्सीचे किंवा जुन्या ओम्नीचे मागचे पाटे बघा, गरज पडली तर एखादा पाटा कमी करा. परीक्षा सोपी आहे. रिकामा सांगाडा पाट्यांवर उभा करा, जमिनीपासून उंची मोजा. मग पाण्याचे कॅन आणि सिमेंटच्या गोण्या ठेवून चारशे किलो पुरे करा. सांगाडा साठ-सत्तर मिलीमीटर खाली बसला पाहिजे. वीसच बसला तर पाटा कडक आहे. दोन्ही बाजूंना शॉक-अब्सॉर्बर लावाच. रबरी टॉर्शन आसही (पाट्यांऐवजी आतल्या रबरावर हादरे सोसणारा) चांगला असतो, पण सुरगाण्याच्या पुढे तो बिघडला तर कोण दुरुस्त करणार? पाटा तुटला तर गावातला लोहारसुद्धा घरी पोहोचवण्याइतका जुगाड करून देतो.

चाक, टायर आणि नट थारचेच. एकच स्टेपनी दोघांना चालते, ही सोय रात्री पावसात कळते. हवा मात्र थारएवढी भरू नका. त्या टायरवर ट्रेलरचं वजन साधारण निम्मंच येतं, बत्तीस पौंड हवेत तो चेंडूसारखा उसळतो. अठरा-वीसला मऊ चालतो.

जोडणीसाठी बाजारात पन्नास मिलीमीटरचा बॉल सहज मिळतो. डांबरी रस्त्याला उत्तम. पण नाल्यात गाडी एका बाजूला आणि ट्रेलर दुसऱ्या बाजूला कलला की बॉलची टोपी एका मर्यादेपुढे वळत नाही, आणि मग दांडी पिळते. कच्च्या रस्त्याला कडी आणि पिंटल हुक चांगला. लष्करी जीपच्या मागे असतो तोच. खडखड करतो, पण कुठल्याही कोनात फिरतो. हुक गाडीच्या चेसिसला बोल्टने बसला पाहिजे, बंपरला नव्हे. आणि दोन साखळ्या, दांडीखाली फुलीसारख्या आडव्यातिडव्या, म्हणजे दांडी सुटली तर जमिनीवर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडते. त्या चरीत मला याच साखळ्यांनी वाचवलं.

मागच्या टोकाचा विचार नकाशांमध्ये बहुतेक नसतोच, कारण ते नकाशे गुळगुळीत रस्त्यांसाठी काढलेले. आपल्या मापात मागचं टोक आसापासून ९७० मिलीमीटर मागे आहे. तळ जमिनीपासून ४५० वर असेल तर साधारण पंचवीस अंशांच्या चढावर ते टोक घासायला लागतं. शेवटचे दोन फूट तळ तिरका उचला, टोकाला २०० मिलीमीटर वाढवा, की तेच चौतीस अंशांच्या आसपास जातं. ओट्याखालचं एक कपाट जाईल. जाऊ द्या.

लाकूडकाम तुम्ही चांगलं कराल असं चित्रावरून दिसतं, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या. बारा मिलीमीटरची, सुतारांच्या भाषेत चार सूत, एक शीट चोवीस किलोच्या आसपास भरते. सगळीकडे बारा लावू नका. बाजूंना बारा, छताला आणि आतल्या पडद्याला पातळ. वरून एक मिलीमीटर ॲल्युमिनियमचा पत्रा. आठ बाय चारचा आठ किलो भरतो, लोखंडाचा तेवीस. प्लायच्या कापलेल्या कडांना इपॉक्सी पिऊ द्या, दोनदा. पाणी मधोमध शिरत नाही, नेहमी कडेने शिरतं. नुसत्या स्क्रूवर भरवसा नको, गोंद आणि स्क्रू दोन्ही. जिथे बोल्ट आहे तिथे नायलॉक नट, हादऱ्यांनी ढिला न होणारा. डबा आणि चेसिसच्या मध्ये रबराच्या पट्ट्या द्या, कारण चेसिस थोडी पिळणारच आणि प्लायला ते सोसत नाही.

मागचा ओट्याचा दरवाजा हा या ट्रेलरचा सगळ्यात दुखरा भाग. तो वर उघडतो, म्हणजे बिजागरी छतावर आली, म्हणजे पाऊस थेट तिच्यात. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथे ‘सिलिकॉन मारलंय’ हे उत्तर चालत नाही. छताचा पत्रा बिजागरीच्या वरून चार बोटं पुढे आणायचा, कौलावर कौल चढतं तसा, आणि खाली दोन्ही बाजूंना छोटी पन्हळ काढायची. सांध्यांना व्हिनेगरचा वास येणारं स्वस्त सिलिकॉन ॲल्युमिनियमवर लावू नका, ते धातूला खातं. पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट लावा.

उन्हाळ्यात याच दरवाज्यातून धूळ येते, आणि ती मागून येते याचं लोकांना नवल वाटतं. ट्रेलर पुढे जाताना त्याच्या मागे हवेची पोकळी होते, ती धूळ खेचून आणते आणि फटीतून आत ढकलते. दुहेरी रबर लावाच. शिवाय पुढच्या बाजूला उंचावर जाळी आणि फिल्टर लावलेली एक छोटी झडप ठेवा. चालताना तिच्यातून स्वच्छ हवा आत शिरते, आतला दाब थोडा वाढतो, धुळीला आत यायला जागा राहत नाही. माझ्या पहिल्या ट्रेलरमध्ये हे नव्हतं. सुरगाण्याहून परत आलो तर पोह्यांत मुरूम.

पावसाळ्यात फरशी पुलांवरून जायचा मोह होईल. आधी एक हिशेब करा. डब्याचा तळ साधारण तीन चौरस मीटर. पाणी तळाच्या वर वीस सेंटीमीटर चढलं की सहाशे लिटर पाणी बाजूला सरलं, म्हणजे सहाशे किलोची उचल. तुमचा ट्रेलर ५८० किलोचा. तुम्ही धूळ-पाण्याला तो जितका घट्ट केला असेल तितका तो होडीसारखा तरंगेल. तळ ४५ सेंटीमीटरवर असेल तर रस्त्यावरचं पाणी ६५ सेंटीमीटर झालं की खेळ संपला, आणि वाहतं पाणी तर त्याच्या किती तरी आधी ट्रेलर बाजूला ढकलायला लागतं. गाडी स्वतः निघून जाईल, पण मागचा तरंगणारा डबा तिला फरफटत नेईल. फरशीवर पाणी वाहत असेल तर अलीकडेच मुक्काम करा. झोपायची सोय मागे आहेच की. उथळ ओढा ओलांडायचा असेल तर आधी दहा मिनिटं थांबा. तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते, मग बेअरिंगमध्ये ग्रीसऐवजी चहा सापडतो. बेअरिंगचा एक जोड, सील आणि ग्रीस बरोबर ठेवा.

गॅसची छोटी टाकी डब्याच्या बाहेरच्या पेटीत ठेवा आणि पेटीला खाली भोक पाडा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो. थंडी कितीही वाजली तरी शेगडी, निखारे, कंदील आत नको. इतक्या छोट्या डब्यात कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणसाला झोपेतच संपवतो. छताला झडप आणि दोन्ही बाजूंना उघडणाऱ्या खिडक्या ठेवा. हवेसाठी तर आहेतच, शिवाय दोघांच्या श्वासाची वाफ पहाटे छतावरून कपाळावर टपकते, तीही थांबते.

विजेचं फार मनावर घेऊ नका. पंधरा वॅटचा पंखा आठ तास, थोडे दिवे, दोन मोबाइल. रात्रीला पावणेदोनशे वॅट-तास पुरतात. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी यावर पाच-सहा रात्री काढते. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, आणि पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक वायरला रबराची बांगडी. हादऱ्यांनी पत्रा वायर कापतो.

ब्रेकचं विचारलं नाहीत, पण सांगतो. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक नसला तरी चालतो. त्यांच्या नियमात कसारा किंवा सापुताऱ्याचा घाट, त्यात पुढे मोसंबीचा ट्रक, हे धरलेलं नाही. जमलं तर ओव्हररन ब्रेक बसवा. दांडीवर दाब आला की तो आपोआप लागतो. नाही जमला तरी हँडब्रेक हवाच, आणि मुक्कामी चाकाखाली उटी. घाट उतरताना दुसरा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. ट्रेलर कधी झुलायला लागलाच तर ब्रेक दाबू नका, स्टेअरिंगने सावरायलाही जाऊ नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग सरळ धरा, तो आपोआप शांत होतो. मग थांबा आणि सामान पुढे सरकवा.

रिव्हर्ससाठी एखाद्या रविवारी मोकळं मैदान गाठा. आखूड ट्रेलर फार चटकन दुमडतो, त्यामुळे सुरुवातीला रडू येईल. पिंपळगावच्या मार्केटमध्ये ट्रॉली मागे घेणाऱ्या पोरांकडे दहा मिनिटं बघा. हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला ठेवतात, ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे हात. बाकी सगळं सावकाश.

पहिली फेरी हरिहरला नको. रिकामा डबा घेऊन गंगापूर धरणाच्या बाजूला जाऊन या, पन्नास किलोमीटर झाले की चाकांचे नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळा. यू-बोल्ट हमखास अर्धा फेरा घेतात. हब हाताने चाचपा: कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलंय. दुसरी फेरी सामान भरून, पाणी भरून, वैतरणेपर्यंत, एक रात्र. परत आलात की दांडीच्या त्या पहिल्या पट्टीपाशी रंगाला बारीक रेघ आलीय का ते टॉर्च लावून बघा. म्हणूनच मी तिथे पांढरा रंग देतो. काळ्यावर तडा दिसत नाही.

प्लाय आणण्याआधी वजनांची यादी अंतरांसकट लिहून पाठवा, आणि थारच्या चेसिसच्या मागच्या आडव्या पट्टीचा (क्रॉस-मेंबर) खालून काढलेला फोटो. आस कुठे येतो ते मी बघून सांगतो.